आठवण ठेवणारा धातू कोणासाठी?

दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या तासाला मी एक तार घेऊन वर्गात जातो. उदबत्तीच्या काडीहून बारीक, करड्या रंगाची, रस्त्यात पडलेली दिसली तर कुणी वाकून उचलणार नाही अशी. एखाद्या मुलाला पुढे बोलावतो आणि सांगतो, हिचं काय करायचं ते कर. तो ती बोटाभोवती गुंडाळतो, दुमडतो, पार गुंता करून टाकतो. मग कँटीनमधून आणलेल्या कडकडीत पाण्याच्या ग्लासात ती सोडायची. पाणी लागताक्षणी तार अंगात आल्यासारखी वळवळते आणि सरळ होऊन ग्लासाबाहेर डोकावते. मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, परत एकदा!"

तिसऱ्या खेपेनंतर एक प्रश्नही हमखास येतो. "सर, पण ह्याचा उपयोग काय?"

पॉलिटेक्निकमध्ये धातुशास्त्र शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. सुरुवातीला मी या प्रश्नाला यादी देऊन मोकळा व्हायचो: रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या म्हणजे स्टेंट, दातांच्या तारा, न मोडणाऱ्या चष्म्याच्या काड्या. आता तसं करत नाही. एखाद्या धातूचा उपयोग कोणीतरी ठरवावा लागतो, आणि ठरवणाऱ्याची गरज काय, खिसा केवढा, यावर तो धातू कुठे जाणार हे ठरतं. माझ्या तारेच्या धातूच्या, म्हणजे निटिनॉलच्या बाबतीत हे आजवर बहुतेक संरक्षण खात्यानं आणि महागड्या शस्त्रक्रियांच्या बाजारानं ठरवलं. त्याचा पुढचा मोठा उपयोग, माझ्या मते गारव्याचा, आपल्या देशानं सार्वजनिक पैशातून आणि आपल्या उन्हाळ्याकडे बघून ठरवायला हवा. हे काम आपोआप होणार नाही, याचा पुरावा या धातूच्या इतिहासातच आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात व्हाइट ओक इथे नौदलाची आयुधांची प्रयोगशाळा होती. तिथे विल्यम ब्यूलर हे धातुतज्ज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा मिश्रधातू शोधत होते. १९५९ साली त्यांनी निकेल आणि टायटॅनियम एकत्र वितळवून कांड्या ओतल्या. त्यातली गार झालेली एक कांडी सिमेंटच्या जमिनीवर टाकली तर 'थप्प' असा मेलेला आवाज आला. आत कुठे चीर गेली की काय म्हणून त्यांनी दुसरी, अजून गरम असलेली कांडी टाकून बघितली, तर ती घंटेसारखी खणखणली. मग त्यांनी तीच कांडी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धरून गार केली. आता तीही थप्प. माठ विकत घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो ते एवढ्यासाठीच, की आवाज बदलला म्हणजे आतलं काहीतरी बदललेलं असतं. एकच कांडी गार असताना एक वस्तू होती आणि गरम असताना दुसरी.

१९६१ मध्ये वरिष्ठांच्या एका बैठकीत या धातूची पट्टी दाखवायला ठेवली होती. पंख्यासारख्या घड्या घातलेली ती पट्टी हातोहात फिरत होती, जो तो ती ओढून, दाबून बघत होता. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्यानं खिशातला पाइपचा लायटर काढून तिला आच दिली. घड्या उलगडल्या आणि पट्टी सरळ झाली. आकार लक्षात ठेवण्याचा गुण असा भर बैठकीत कळला. पुढे फ्रेडरिक वँग यांनी स्फटिकरचनेतून त्याचा उलगडा केला. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं मिळून 'निटिनॉल' हे नाव झालं.

आतलं गुपित मी मुलांना लेझमीवरून सांगतो. रांगेत खेळणारी पोरं एका ठेक्यावर डावीकडे झुकतात, दुसऱ्यावर उजवीकडे, पण शेजारी कोणाचाच बदलत नाही. गार निटिनॉलमधले अणू असे झुकलेले असतात. आपण तार वाकवतो तेव्हा अणू जागा सोडून पळत नाहीत, फक्त झुकण्याची दिशा बदलतात. आच मिळाली की हलगीची थाप पडावी तशी अख्खी रांग ताठ होते आणि तार मूळच्या आकारात येते. साध्या लोखंडाची तार वाकवली की तिथे अणूंचे थर एकमेकांवरून कायमचे घसरलेले असतात, त्यांना परतीची वाट नसते.

याच धातूचं दुसरं अंग याहून कामाचं आहे. मिश्रण थोडं वेगळं ठेवलं तर अंगाच्या उबेलाच तो ताठ अवस्थेत राहतो आणि ओढला तर रबरासारखा ताणला जाऊन परत येतो. स्टीलची तार मूळ लांबीच्या अर्धा टक्काही ताणली की बहुधा तशीच राहते. ही जवळजवळ आठ टक्के ताणली तरी पूर्ववत होते. माझ्या भाचीच्या दातांना अशी तार आहे. ती म्हणते, "मामा, आइसक्रीम खाल्लं की तार ढिली वाटते आणि गरम चहा घेतला की दात ओढते." पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण तिनं तोंडातल्या तोंडात अनुभवलं आहे. दातांसाठी ही तार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रिआसन यांनी आणली.

पण त्याआधीचं ठळक गिऱ्हाईक होतं लढाऊ विमान. एफ-१४ विमानातल्या हायड्रॉलिक नळ्या जोडायला या धातूची कडी वापरली गेली. नळीपेक्षा किंचित लहान मापाची कडी बनवायची, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गार असतानाच ती ताणून मोठी करायची, नळ्यांच्या जोडावर सरकवायची आणि सोडून द्यायची. खोलीच्या उबेनंच ती आवळून बसते, वेल्डिंगची गरज नाही. मग हा धातू शरीरात गेला. बॉस्टनच्या मॉरिस सायमन यांनी रक्ताची गुठळी फुप्फुसाकडे जाण्याआधी अडवणारी जाळी बनवली, तिला १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पाठोपाठ आपोआप उमलणारे स्टेंट आले, आणि छाती न फाडता मांडीतून नेऊन बसवायच्या हृदयाच्या झडपांचे सांगाडे आले. यानं असंख्य माणसं वाचली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

या सगळ्या ठिकाणी धातू लागतो ग्रॅममध्ये आणि त्या ग्रॅमची किंमत कोणी विचारत नाही. बाजार तिथेच गेला, आणि तो तिथेच जाणार होता.

चार वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या मांडीतली रक्तवाहिनी बंद होत आली. चालताना पोटरीत गोळे यायचे, दर शंभर पावलांना थांबावं लागायचं. डॉक्टरांनी निटिनॉलचाच स्टेंट सुचवला आणि तो योग्यच होता, कारण मांडीतली नळी प्रत्येक पावलाला वाकते, पिळवटते. तिथे स्टीलचा स्टेंट चेपला तर चेपलेलाच राहतो, हा उसळून परत येतो. काऊंटरवर अंदाजपत्रक हातात पडलं आणि माझा चुलतभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. एका स्टेंटचा आकडा त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. "दादा, ह्याच्या किमतीवर तर सरकारनं मर्यादा घातली होती ना?" त्यानं मला विचारलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये घातली होती, औषधी लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्याला ७,२६० रुपये. पण ती हृदयाच्या स्टेंटपुरती. जो धातू मी अठरा वर्षं मुलांना कौतुकानं दाखवत होतो त्याची किंमत मला त्या दिवशी घरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसली. पायाच्या स्टेंटचं दरपत्रकही तेवढ्याच कठोरपणे तपासलं जायला हवं. बिनाचालीचं म्हातारपण हा काही किरकोळ आजार नव्हे.

या धातूचं १९६५ चं पेटंट अमेरिकेच्या नौदलाच्या, म्हणजे सरकारच्या नावे होतं. शोध लागला तो कर भरणाऱ्यांच्या पैशातून. शोध सार्वजनिक आणि उपयोग ज्याला परवडेल त्याचा, ही वाटणी मला पटत नाही.

एक इशाराही या इतिहासात आहे. १९७३ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत रिजवे बँक्स यांनी निटिनॉलच्या तारांचं इंजिन बनवलं. एका बाजूला कोमट पाणी, दुसऱ्या बाजूला गार, आणि चाक फिरत राहायचं. लोकांना वाटलं फुकटची वीज आली. पण उष्णतेतला फरकच इतका थोडा की त्यातून मिळणारी शक्तीही थोडीच, शिवाय तारा दमून तुटतात. धातूत जे नाही ते त्याच्याकडून मागितलं की असं होतं. म्हणून पुढे जे लिहितोय ते जपून लिहितोय.

घरातलं एक जाडसर रबर बँड घ्या. झटक्यात ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा, ते कोमट लागेल. ताणलेलंच धरून थोडं थांबा, मग एकदम सैल सोडून परत ओठाला लावा. आता गार लागेल. निटिनॉल हेच करतो, पण कितीतरी जोरात. ताणला की तापतो, ती उष्णता बाहेर वाऱ्यावर सोडून दिली आणि मग ताण काढला की तो वीसेक अंशांनी गार पडतो. म्हणजे गॅस दाबायचा आणि सोडायचा, या जागी धातू दाबायचा आणि सोडायचा. कॉम्प्रेसरमधला वायूच गेला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २०१४ मध्ये गॅसविना गारव्याच्या पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा या पद्धतीला सगळ्यात आश्वासक ठरवलं होतं. जर्मनीत सारलँड विद्यापीठात, अमेरिकेत मेरीलँडमध्ये, हाँगकाँगमध्ये यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

आपल्याला यात रस का असावा? एसीवाला मेकॅनिक 'गॅस भरायला' येतो तेव्हा बघा. उरलेला जुना गॅस काढायला तो नट ढिला करतो आणि फुस्स करून तो हवेत जातो. आर-२२ हा जुना गॅस १०० वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापवतो. जुन्या फ्रिजमधला आणि गाड्यांमधला आर-१३४ए सुमारे १,४०० पट. आताच्या एसींमधला आर-३२ त्यातल्या त्यात बरा, तोही ६७५ पट. मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही, गॅस परत गोळा करायचं यंत्र त्याला कोणी दिलेलंच नसतं. २०१६ च्या किगाली कराराला आपण २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ मध्ये आपल्याकडच्या आर-१३४ए आणि आर-३२ सारख्या गॅसांचा वापर गोठेल आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. त्याच वेळी २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यानुसार आपली गारव्याची गरज २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होणार आहे. मी विदर्भात राहतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात रात्री दोन वाजता बाळाला घेऊन अंगणात येरझारा घालणारी आई ज्यानं पाहिली आहे, त्याला हे आठपट म्हणजे चैन वाटणार नाही.

गॅसला पर्याय शोधणारे जगात बरेच आहेत, पण त्यांचा उन्हाळा वेगळा आहे. तिकडे खोली २५ अंशांवर आणायची असते आणि बाहेर असतात ३२ अंश. चंद्रपूरला बाहेर ४६ असतात. यंत्र कुठल्या परिस्थितीसाठी बनवायचं हे बनवणाऱ्याच्या खिडकीबाहेर काय आहे यावर ठरतं. म्हणून हे काम आपल्या खिडक्यांमागेही व्हायला हवं.

अडचण खरी आहे आणि ती आकड्यांत सांगतो. यंत्रातली निटिनॉलची नळी सेकंदाला एकदा दाबली-सोडली असं धरू. तासाला ३,६०० वेळा, दिवसाला आठ तास म्हणजे २८,८०० वेळा, उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत जवळजवळ २९ लाख वेळा. दहा वर्षं टिकायला हवं तर पावणेतीन कोटींच्या वर. ओढलेल्या तारा यातल्या फार थोड्या फेऱ्यांत तुटतात. दाबलेल्या नळ्या अधिक टिकतात, दहा लाखांच्या पुढे जातात. २०१५ मध्ये तांबं आणि कोबाल्ट मिसळलेल्या पातळ थरानं एक कोटी फेऱ्या काढल्या, पण पातळ थर वेगळा आणि यंत्राचा भाग वेगळा. दीड टनाचा एसी पाच हजार वॅटहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. या पद्धतीची बहुतेक यंत्रं अजून त्याच्या आसपासही पोचलेली नाहीत.

त्यामुळे घरगुती एसीपासून सुरुवात करायची भाषा मी करणार नाही. पहिलं काम लहान हवं: उष्णता काही शे वॅट, फरक पंधरा-वीस अंशांचा, आणि गिऱ्हाईक सरकारी. रुळांकडेला उन्हात उभी असलेली सिग्नलची पेटी, जिच्या आत इलेक्ट्रॉनिक यंत्रं भाजून निघतात. विजेवरच्या एसटीची बॅटरी. ही दोन्ही जमली, नळ्या टिकल्या, की आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज, जिथे बाहेर ४४ आणि आत २ ते ८ अंश लागतात. तिथे एका टप्प्यात भागत नाही, टप्प्यांची साखळी लावावी लागते. शेवटी खोल्या. सरकारी खरेदीदारानं "अशी शंभर यंत्रं आम्ही घेऊ, एवढ्या फेऱ्या टिकली पाहिजेत" असं लेखी दिलं, तर कारखानदार हलतो. नुसत्या संशोधन-निबंधांनी हलत नाही, हे मी एमआयडीसीतल्या मित्रांकडून पुष्कळदा ऐकलं आहे.

दुसरी गोष्ट पाहिजे ती भट्टी. निटिनॉल बनवणं हे नाजूक काम आहे. निकेलचं प्रमाण एक-दशांश टक्क्यानं हललं तरी धातू ज्या तापमानाला बदलतो ते दहा अंशांच्या आसपास सरकतं. वितळवायचं निर्वात भट्टीत, कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला प्राणवायू अधाशासारखं ओढतं. मग तार ओढायची, नळी ओढायची, पाचशे अंशांच्या आसपास तापवून आकार 'शिकवायचा'. साध्या हत्यारांची धार तो बघता बघता घालवतो. हे सगळं करणारा आणि लहान उद्योजकाला दोन किलो तारही प्रमाणपत्रासह देणारा सामायिक कारखाना देशात हवा. मी प्रयोगासाठी तार मागवतो तेव्हा पुरवठादार आधी विचारतो, कमीत कमी किती घेणार?

कच्च्या मालाची आपली स्थिती विचित्र आहे. टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू केरळपासून ओडिशापर्यंत पसरलेली आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ती आहे, ओहोटीच्या वेळी पुळणीवर काळे पट्टे दिसतात ते तिचेच. केरळात चवऱ्याला २०११ पासून टायटॅनियम स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, बनवणारा कारखाना आहे, क्षमता वर्षाला ५०० टन. निकेल मात्र आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. २०२३ मध्ये केंद्रानं ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, त्यात हे दोन्ही धातू आहेत. पण खनिज यादीत घातलं म्हणजे धातू हाती आला असं होत नाही. आणि रत्नागिरीची वाळू उपसायचा विषय निघेल तेव्हा तिथल्या मच्छीमारांना आधी विचारलं पाहिजे, हेही इथेच सांगतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो घेणारी माणसं प्रामाणिक असतात. गच्चीला चुना मारा, झाडं लावा, पंखे द्या, हे स्वस्त उपाय सोडून कसल्या धातूच्या मागे लागलात? त्यांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. चुना आधी मारला पाहिजे, उद्याच मारला पाहिजे. पण चुन्यानं लस टिकत नाही. आणि स्वस्त उपायांची फाइल कुठल्याशा टेबलावर पडून आहे म्हणून प्रयोगशाळाही बंद ठेवायची, यात कुणाचंच भलं नाही.

कुठे हा धातू नको, तेही सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं अंगावर येऊन. तिथे निटिनॉल सुचवणं म्हणजे भुकेल्याला केशर देणं. तिथे हवे होते भिंतीला आरपार बांधणारे दगड, कोपऱ्यांना पट्टे, हलकं छप्पर. याउलट इटलीत असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चचं उदाहरण आहे. १९९७ च्या भूकंपात त्याचं छत कोसळून चार जण गेले. दुरुस्ती करताना वरची त्रिकोणी भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये आकारस्मृतीच्या धातूचे दुवे बसवले. हादरा बसला की ते ताणले जातात, धक्का पचवतात, परत येतात. जुनी वास्तू, मोजक्या जागा, थोडा धातू, तिथे तो शोभतो. लोखंड, मँगनीज आणि सिलिकॉनचे याच जातीचे मिश्रधातू बरेच स्वस्त आहेत. ते स्वित्झर्लंडमध्ये जुनं काँक्रीट आवळून धरायला वापरतात. आपल्या जुन्या पुलांसाठी मला त्यांच्याकडून निटिनॉलपेक्षा जास्त आशा आहे.

तिसरी मागणी छोटी आहे, पण माझ्या जिव्हाळ्याची. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक चाचणीचे आकडे उघडे असावेत, विशेषतः तुटलेल्या नमुन्यांचे. कुठली तार कितव्या फेरीला आणि कुठे तुटली, हे लपवलं की पुढचा माणूस तीच तार पुन्हा तोडत बसतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं जुन्या शिलाई मशीनच्या मोटारीवर तार ताणून-सोडून बघायचं यंत्र बसवलं आहे. फेऱ्या मोजायला चुंबक आणि सायकलचा मीटर. परवा संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर ती अजून तिथेच होती. मोटर टकटकत होती, मीटरवर आठ हजार सातशे बारा दिसत होतं, आणि माझ्यासमोरच 'टिंग' करून तार तुटली. तिनं मोटर थांबवली, भिंगातून तुटलेलं टोक बघितलं, वहीत आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'पकडीपाशी तुटली, मधे नाही'.

"सर, पकडीची कड घासून गोल करू का?" तिनं विचारलं.

मी कानस काढून दिली.